तीन फुटपट्ट्यांचं आकाश

या माणसाबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वेडा म्हणावं, तर माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी जागेवर उभं राहून पाच-सहा जीव वाचवले. शहाणा म्हणावं, तर शहाणी माणसं लग्नाच्या पंगतीत उभी राहून वाढप्यांना डावीकडे-उजवीकडे वळायचे हुकूम सोडत नाहीत. एक गोष्ट मात्र पक्की. उतारवयात त्यांचं जिवाभावाचं काम त्यांना पुन्हा एकदा मिळालं होतं, आणि ते गेलं माझ्यामुळे. ते गेलं तेव्हा मी तिथंच खुर्चीवर बसून होतो.

उभी नोकरी त्यांनी विमानतळाच्या मनोऱ्यात काढली. वैमानिकांना ‘आता उतरा’, ‘आता थांबा’ असं सांगायचं काम. पेन्शनीत निघाल्यावर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, आमच्या गावात, त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. गावात कुणी त्यांना साहेब म्हणे, म्हाताऱ्या बाया ‘इमानवालं आबा’ म्हणत. मी साहेबच म्हणायचो. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वयानं त्यांच्या मुलासारखा, पण ते मला गुरुजी म्हणत आणि अहो-जाहो करत.

त्यांना चहा पाजणं हा एक सोहळाच असे. नाक्यावरच्या टपरीत शिरले की म्हणत, “दोन चहा. एक बिनसाखरेचा. तो मला, गुरुजींना नाही.”

टपरीवाला म्हणे, “व्हय साहेब.”

“व्हय काय? परत सांगा.”

“आवं, कळलं की.”

“कळलं ते बरं झालं. काय कळलं?”

मग गिऱ्हाइकं फिदीफिदी हसत असताना टपरीवाला पाढे म्हटल्यासारखा म्हणून दाखवी, “दोन च्या, येक बिनसाकरंचा, त्यो तुमाला.” तेव्हा कुठं साहेब बाकावर टेकत. एसटीचा कंडक्टर, दूधवाला, मीटर बघायला येणारा वायरमन, कुणाचीही यातून सुटका नव्हती. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, सांगायच्या, “लग्नाच्या बोलणीत ह्यांनी माझ्या वडिलांना तारीख तीनदा म्हणायला लावली. घरी येऊन बाबा म्हणाले, स्थळ चांगलं आहे, पण मुलाला जरा कमी ऐकू येतं.”

मी एकदा चिडून विचारलं होतं, की लोकांना असं पोरासारखं बोलायला लावता, त्यांचा अपमान नाही का होत? ते म्हणाले, “ऐकणारा त्याच्या सोयीचं तेवढं ऐकतो, गुरुजी. त्यात त्याचा दोष नसतो. परत म्हणवून घेतलं नाही, तर दोष सांगणाऱ्याचा.” मला ते पटलं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यानं एकदा ‘व्हय’ म्हटलं की विषय संपतो. ‘काय व्हय?’ असं विचारणं म्हणजे सरळ सरळ त्याच्या अकलेवर शंका घेणं.

पंगतीचा किस्सा गावात अजून सांगतात. सरपंचांच्या पुतणीचं लग्न होतं. एकीकडून कढत आमटीची बादली घेऊन एक वाढपी उलटा चालत येत होता, दुसरीकडून ताकवाला पळत. साहेब जेवता जेवता उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आमटी, जागेवर थांब. ताक, डावीकडं वळ. आता आमटी, चल.” दोघंही निमूटपणे तसे वागले. गंमत म्हणजे साहेब ओरडले नव्हते. उलट संकट आलं की त्यांचा आवाज खाली उतरे. एरवी टपरीवर तावातावानं भांडणारा हा माणूस, खरंच काही बिघडू लागलं की इतका हळू आणि गोड बोलायचा, की काकू म्हणायच्या, “हे प्रेमानं बोलायला लागले की मला धडकी भरते.”

जन्मभर विमानं उतरवली, पण स्वतः विमानात बसायला त्यांची तयारी नसे. मुलीकडे दिल्लीला जायचे ते रेल्वेनं. कारण विचारलं तर म्हणाले, “वर बसलं की खालच्या माणसांवर भरवसा टाकावा लागतो. मला खालची माणसं माहीत आहेत.” रोज संध्याकाळी मात्र गच्चीत खुर्ची टाकून, डोक्यावरून जाणारी विमानं बघत बसायचे. कुणाची उंची किती, कोण उशिरा निघालंय, असं काहीबाही पुटपुटायचे. आपल्याशी कुणी बोलत नाही याची त्यांना खंत होती. मला एकदा ते अगदी साधेपणानं म्हणाले, “गुरुजी, मरायच्या आधी एकदा वरच्या माणसाशी बोलायचंय. एखादं तरी उतरवायचंय.” मला तेव्हा गलबलून आलं होतं आणि थोडं हसूही आलं होतं. एकाच वेळी दोन्ही कसं येतं, कोण जाणे.

आणि मग ती सायकलशर्यत आली.

देशोदेशीचे सायकलवाले येणार, पुण्याकडून धरणाच्या काठाकाठानं ताम्हिणीपर्यंत जाणार आणि परत फिरणार. महिनाभर रस्ता गुळगुळीत करण्याची धावपळ चालली होती. शर्यतीसोबत तीन हेलिकॉप्टरं होती. एक टीव्हीचं, शर्यत वरून दाखवायला. एक दवाखान्याचं, कुणी पडलं तर उचलायला. आणि एक प्रमुख पाहुण्यांचं. ही तिन्ही एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून जमिनीवरून सांगणारा एक माणूस हवा होता. आयोजकांपैकी एक जण साहेबांच्या हाताखाली कधी काळी शिकलेला निघाला. त्यानं सांगून ठेवलं, की यंदा नीट पार पडलं तर दरवर्षी तुम्हीच. साहेब त्या दिवशी टपरीवर आले आणि चहावाल्याकडून काहीही परत म्हणवून न घेता चहा प्यायले. त्याला वाटलं, ह्यांना बरं नाही.

मला कचेरीतून हुकूम आला. आम्हा मास्तरांना जनगणना असो, निवडणूक असो, सगळीकडे जुंपतात. पण ‘हेलिकॉप्टर समन्वय सहायक’ हे पद मी आजवर ऐकलं नव्हतं. बायकोनं विचारलं, म्हणजे नक्की काय करायचं? मी म्हटलं, मलाही कळलेलं नाही.

साहेबांनी आमच्या शाळेची गच्ची निवडली, कारण तिथून दोन्ही काठ दिसतात. शाळेच्या मैदानावर टँकरनं पाणी मारून, चुन्यानं मोठा इंग्रजी ‘एच’ काढून, जखमींना उचलायची जागा तयार केली. पलीकडच्या काठाला, रिसॉर्टच्या हिरवळीवर, दुसरी जागा पाहुण्यांची. त्यांना संगणक द्यायला लोक तयार होते. ते म्हणाले, मला तीन फुटपट्ट्या द्या. वर्गातल्या लाकडी फुटपट्ट्यांवर माझ्या अक्षरात त्यांनी कागद चिकटवून घेतले: टीव्ही, दवाखाना, पाहुणे. गच्चीच्या कठड्यावर त्या एकाखाली एक मांडल्या. “जो आकाशात वर, त्याची पट्टी वर. जो खाली, त्याची खाली. दोन पट्ट्या एकमेकींना कधी टेकू द्यायच्या नाहीत. बस, एवढंच शास्त्र आहे. परत सांगा.” मी परत सांगितलं.

शर्यतीच्या चार दिवस आधी त्यांनी मला एक काम दिलं. मैदानात उतरणाऱ्याला वारा कुठून आहे ते कळावं म्हणून नारिंगी धुराचं नळकांडं पेटवायचं असतं. आमच्याकडे ते फाल्गुनातले दिवस म्हणजे राब भाजायचे. भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून पेटवतात. आमच्याकडे शंभर वर्षं हेच चालत आलंय. “वरून दुसरा धूर दिसला की वैमानिक फसतो. त्या दिवशी कुणी राब पेटवायचा नाही. दोन्ही काठांना. सगळ्यांना स्वतः जाऊन सांगा,” ते म्हणाले.

मी मोटरसायकलवरून वाडी-वाडी फिरलो. पलीकडच्या काठाला एक सत्तरीचा म्हातारा आहे, ज्याच्या दोन नाती माझ्या वर्गात शिकून गेल्या. त्याला म्हटलं, “बाबा, रविवारी हेलिकॉप्टरजवळ धूर करू नका.” तो म्हणाला, “व्हय गुरुजी.” मला गूळ-पाणी दिलं. आता या माणसाला, ज्याच्या ओट्यावर मी गूळ खाल्ला, त्याला ‘काय कळलं ते म्हणून दाखवा’ असं कसं म्हणायचं? जीभच उचलली नाही. मी परत आलो. साहेबांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “हो म्हणाले.” ते माझ्याकडे बघतच राहिले. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, पाहुण्यांच्या वेळा बदलल्या होत्या, आणि तो प्रश्न तसाच राहून गेला.

रविवार उजाडला तो गोंधळातच. अख्खा गाव शाळेच्या कुंपणाशी. सायकली आल्या आणि चाळीस सेकंदांत निघून गेल्या. एक आजी विचारत होती, “कवा येनार रं सायकली?” कुणी तरी म्हणालं, “गेल्या बी, आजे.” माझ्यासमोर तीन वायरलेस, एक पोलिसांचा, एक आयोजकांचा, एक साहेबांचा, आणि तिन्हींतून एकदम आवाज. कोण कुणाशी बोलतंय, मला अक्षरशः काही कळत नव्हतं. साहेब मात्र कठड्याशी उभे राहून, कुणी आवडतं गाणं ऐकावं तसे ऐकत होते. त्यांचं वैमानिकांशी बोलणं ठरलेल्या इंग्रजी शब्दांत चाले. मी इथं ते आपल्या भाषेत सांगतो.

अकराच्या सुमाराला घाटातल्या वळणावर एक स्वार पडला. डोक्याला मार, शुद्ध नाही. रुग्णवाहिकेनं त्याला आमच्या मैदानावर आणलं, कारण पुण्याकडचा रस्ता गर्दीनं भरलेला. दवाखान्याचं हेलिकॉप्टर ताम्हिणीच्या बाजूनं निघालं. मैदानात नारिंगी धूर सोडला. त्याच वेळी पाहुण्यांचं हेलिकॉप्टर तासभर आधीच येऊन ठेपलं. पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक अधिकारी गच्चीत धावत आला, “आधी पाहुण्यांना उतरवा!”

“पाहुण्यांना धरण दाखवू या,” साहेब म्हणाले. “आज पाणी छान दिसतंय.” आणि त्यांनी पाहुण्यांना धरणाच्या भिंतीवर घिरट्या घालायला सांगितलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

दवाखान्याचा वैमानिक बोलला, “धूर दिसला. उतरतोय.”

मी वर पाहिलं. डोक्यावर काहीच नव्हतं. हेलिकॉप्टर पलीकडच्या काठाला खाली खाली चाललं होतं, आणि तिथं, टेकाडाच्या पोटाशी, पांढऱ्या धुराचा लोट उठला होता.

“कोणत्या रंगाचा धूर?” साहेबांनी विचारलं, अगदी मऊ आवाजात.

“पांढरा,” वैमानिक म्हणाला.

म्हाताऱ्याच्या त्या वावरावरून विजेच्या तारा गेल्यात, हे गावातल्या पोराला ठाऊक आहे. धुरात त्या दिसणं शक्य नव्हतं. वैमानिकाला पाण्यावर वळवायचं, एवढंच करायला हवं होतं. पण पाण्यावर तर पाहुण्यांचं हेलिकॉप्टर होतं. घिरट्यांना कंटाळून ते कुणाला न विचारता खालून रिसॉर्टकडे निघालं होतं. साहेबांनी पाहुण्यांची पट्टी उचलून वर ठेवली. “उतरणं थांबवा,” दवाखान्याला. “वर जा, आत्ता,” पाहुण्यांना. “परत सांगा.” ते परत सांगेपर्यंत, तेवढी दोन-तीन सेकंदं, हा माणूस गप्प उभा राहिला. मला ओरडावंसं वाटलं, अहो, त्याला काढा ना तिथनं! पाहुण्यांच्या वैमानिकानं परत सांगितलं. मगच साहेब म्हणाले, “दवाखाना, उजवीकडे पाण्यावर या. परत सांगा.”

तार त्याला वळताना दिसली, असं तो नंतर म्हणाला. मग तो नारिंगी धुराकडे आला, जखमी स्वाराला घेऊन गेला. तो स्वार वाचला. चालू-फिरू लागल्याचं पुढं आम्हाला कळलं. शर्यत संपल्यावर साहेबांनी तिन्ही पट्ट्या माझ्या हातात दिल्या. मी त्या एकावर एक रचून वर्गात परत नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी रिसॉर्टच्या हॉलमध्ये बैठक झाली. पाहुणे चिडले होते. त्यांना घिरट्या घालायला लावल्या, मग एकदम वर उचललं. व्यवस्थेचा अधिकारी म्हणाला, “धूर कुणी केला ते शोधा. सूचना देऊनही पेटवला असेल तर गुन्हा दाखल करा.” कोपऱ्यातला पोलीस वही उघडून बसला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, “गावकऱ्यांना सूचना दिली होती की नाही?”

मी खुर्चीवरून उठलो नाही. साहेब उठले आणि म्हणाले, “नाही. सूचना गेलीच नाही. माझ्याकडून राहिली.”

ज्यानं आयुष्यात एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही, तो माणूस भर बैठकीत सरळ सरळ खोटं बोलला होता. मी गप्प बसलो. पोलिसानं वही मिटली. साहेबांकडे शिकलेला तो आयोजक खाली बघत होता. साहेबांना पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, हे त्याच क्षणी सगळ्यांना समजलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याकडे गेलो. तो बिचारा आनंदात होता. म्हणाला, “गुरुजी, लई झ्याक भाजला राब. रस्ता बंद, पोरं कामाला गेलीच न्हाईत. चार मानसं हाताशी कवा गावत्यात? म्हनलं, उरकून घेवावं.”

“बाबा, धूर करू नका म्हणालो होतो ना मी?”

“व्हय की. शाळंजवळ न्हाई करायचा. म्या कुटं केला? माजं वावर शाळंपास्नं पान्याच्या पल्याड.” वर त्यानंच मला विचारलं, “त्ये हेलिकॉप्टर आमच्याकडं कशापायी आलतं वो? वाट चुकलं व्हय?”

मी मोटरसायकल वळवली आणि परत आलो.

पुढचं वर्षभर मी साहेबांच्या उपकारांचं ओझं घेऊन हिंडलो. त्यांना बाजारातनं भाजी आणून देई, गॅसचा सिलिंडर चढवी. या माणसानं आपल्याला वाचवलं, नोकरीत ठपक्याचा कागद लागू दिला नाही, असं रोज मनात येई आणि रोज लाज वाटे. पण तोंडानं काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत.

पुन्हा शर्यत आली. या वेळी तंबूत संगणकाचा पडदा लावून बसणारा कुणी तरी तरुण आला होता. मला हुकूम नव्हता. मी सकाळीच साहेबांच्या गच्चीवर गेलो. ते खुर्चीत बसले होते, काकू मेथी निवडत होत्या. दूरवर हेलिकॉप्टरचा आवाज येत होता आणि साहेब मान तिरकी करून तो ऐकत होते. मला सहन झालं नाही.

“साहेब, त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात. माझ्यासाठी. मी सांगायला हवं होतं.”

“तुमच्यासाठी?” त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “सूचना दिली होती असं मी म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता?”

“कुणी दिली?”

“मग तुम्हाला उभं केलं असतं. तुम्ही काय सांगितलं असतं?”

“खरं तेच. मी स्वतः जाऊन...” मी बोलता बोलता थांबलो.

“बोला ना.”

“मी स्वतः जाऊन म्हाताऱ्याला बजावलं होतं. त्यानं ऐकलं नाही.”

साहेबांनी मान हलवली. “तिथं पोलीस वही उघडून बसला होता. म्हातारा सत्तरीत कोर्टाच्या तारखा करत फिरला असता.”

“गुरुजी तसं म्हणाले नसते हो,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी मान पुन्हा आवाजाच्या दिशेला वळवली. मी ‘नाहीच म्हणालो नसतो’ असं म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो हॉल आला, तो अधिकारी आला, माझ्या दोन लेकरांची शाळा आली. मी तसंच तोंड मिटलं. वर्षभर ज्यांचे उपकार फेडत होतो, त्यांनी मला वाचवलंच नव्हतं. त्यांनी त्या म्हाताऱ्याला माझ्यापासून वाचवलं होतं.

काकूंनी चहा आणून ठेवला. तो प्यायलो की नाही, आठवत नाही. जिना उतरताना मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि तरीही एवढंच मनात येत होतं, की बरं झालं, त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही.